दाढ का ठणकते?



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी वर्गात विचारले, "कोण कशावर लिहिणार?" कोणी शिवनेरीवर लिहायचे ठरवले, कोणी डिंभे धरणावर, कोणी उसातल्या बिबट्यावर. मी उभी राहून म्हटले, "बाई, मी दाढेवर लिहिते." सगळा वर्ग खो खो हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. गेल्या वर्षी सहावीत असताना माझी दाढ दुखली, चार दिवस शाळा बुडाली आणि घटक चाचणीचे दोन पेपर राहिले, हे त्यांना ठाऊक होते. त्या म्हणाल्या, "लिही. पण नुसती गोष्ट लिहू नकोस. का दुखते आणि काय करायचे, तेही लिही." म्हणून हा लेख.

माझ्या दाढेची हकिकत

सुरुवात गार पाण्याने झाली. माठातले पाणी प्यायले की खालच्या डाव्या दाढेत सणक जायची. मग गूळ-शेंगदाणे खाल्ले तरी सणक जाऊ लागली. मी दुसऱ्या बाजूने चावायला लागले व कोणाला काही सांगितले नाही. ही माझी पहिली चूक.

दोनतीन महिन्यांनी एका रात्री दाढ जी ठणकायला लागली ती थांबेचना. नाडी उडते तशी दाढ उडत होती. आडवे झाले की जास्त, उठून बसले की थोडे कमी. कानातही कळ जात होती. आमचे घर रानात आहे, भोवती ऊस. बिबट्याच्या भीतीने रात्रीचे कोणी बाहेर पडत नाही, त्यामुळे सकाळपर्यंत दवाखान्याचा विचारच नव्हता. आजी म्हणाली, "आगं, किडा लागलाय दाढंला. मशेरी दाबून धर, गप पडंल." मी चिमूटभर मशेरी दाबली. डोके गरगरले, उलटी झाली. शेजारच्या काकूंनी डोकेदुखीची गोळी दिली व ती गिळू नको, दाढेजवळ ठेव म्हणून सांगितले. त्या गोळीने गालाची आतली कातडी पांढरी पडून सोलली. झोंबायला लागले ते वेगळेच.

तिसऱ्या दिवशी दुखणे एकदम थांबले. घरात सगळ्यांना आनंद झाला. आई म्हणाली, "गेलं बाई एकदाचं." पण आठवड्याने गाल सुजून डोळ्यापर्यंत आला आणि ताप भरला. तेव्हा वडिलांनी कांद्याची काढणी सोडून मला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेले.

तिथल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात बॅटरी धरून बघितले आणि आईला विचारले, "ही दाढ केव्हा किडली?" आई म्हणाली, "दुधाचीच आहे ना? पडेल आपोआप." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाही ताई. ही कायमची दाढ आहे. हिच्या सहाव्या वर्षी आलेली. म्हातारपणापर्यंत टिकायची होती." आई काही बोलली नाही. पदराने तोंड पुसत राहिली.

सूज उतरल्यावर ती दाढ काढावी लागली. तिच्या जागी आता दुसरी दाढ येणार नाही. माझे वय बारा. ही गोष्ट तुमच्या घरात होऊ नये, म्हणून पुढचे सर्व नीट वाचा.

दात आतून कसा असतो?

दात बाहेरून दगडासारखा दिसतो, पण तो दगड नाही. तो जिवंत असतो. त्याचे तीन थर असतात.

सर्वांत वरचे पांढरे, चकचकीत कवच म्हणजे दंतवल्क. आपल्या सर्व शरीरात याच्याइतके कठीण काही नाही, हाडसुद्धा नाही. पण एक उणीव आहे. हाड मोडले तर जुळते, कातडी फाटली तर भरून येते. दंतवल्क एकदा फुटले की पुन्हा उगवत नाही, कारण ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच संपून जातात.

त्याच्या खाली पिवळसर थर असतो. तो थोडा मऊ असतो व त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या हजारो बारीक नळ्या असतात. नळ्यांत द्रव असतो.

अगदी मध्ये एक छोटी पोकळी असते. तिच्यात गर असतो. गरात रक्तवाहिन्या आणि नसा असतात. त्या मुळाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून आत येतात. दुखणे कळते ते या नसांमुळे.

शिवनेरी पाहिलेल्या मुलांना लगेच समजेल. गडाचे सात दरवाजे ओलांडल्यावर माणूस वर पोचतो. तट आणि दरवाजे शाबूत आहेत तोवर आतली वस्ती सुखात असते. तट एका जागी पडला तरी शत्रू आत येतो. दाताचे तसेच आहे. फरक एवढाच, की गडाचा तट गवंडी पुन्हा बांधतो. दाताचा तट आपोआप बांधला जात नाही.

कीड म्हणजे किडा नव्हे

आपण "दाताला कीड लागली" असे म्हणतो. त्यामुळे वाटते, की वांग्यात अळी असते तशी दातात अळी असेल. काही ठिकाणी रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून नळीने तोंडात धुरी देतात आणि नंतर पाण्यात पडलेले पांढरे तुकडे दाखवून "हे बघा किडे" म्हणतात. ते किडे नसतात. बीच्या पोटात वाकडा, पांढरा कोंब असतो. उष्णतेने बी फुटले की तो बाहेर पडतो आणि अळीसारखा दिसतो.

दातात अळी असते ही समजूत आपल्याकडेच होती असे नाही, जगभर होती. फ्रान्समधील पिएर फोशार या दंतवैद्याने १७२८ साली दातांवर मोठे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याने किडके दात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. त्याला अळी सापडली नाही. त्याआधी १६८३ साली हॉलंडमधील लेवेनहूक या कापड व्यापाऱ्याने आपल्या दातांवरचा पांढरा मळ स्वतः बनवलेल्या भिंगाखाली ठेवला, तेव्हा त्याला त्यात असंख्य बारीक जीव वळवळताना दिसले. ते म्हणजे जंतू. पुढे १८९० साली बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर या शास्त्रज्ञाने सांगितले, की हे जंतू तोंडातील गोड व पिठूळ अन्न खातात, त्यापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरते. आजचे शास्त्रही मुळात हेच सांगते.

म्हणजे कीड लागायला चार गोष्टी एकत्र याव्या लागतात: दात, जंतू, गोड किंवा पिठूळ अन्न आणि वेळ. दात काढून टाकता येत नाहीत, जंतूही पूर्ण जात नाहीत. मात्र अन्नाचे कण आणि वेळ या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत.

गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच आम्ल तयार होते आणि साधारण अर्धा तास ते दातांवर राहते. मग लाळ त्याला हळूहळू शांत करते व दाताचे गेलेले क्षार थोडेफार परत देते. दिवसातून दोनतीनदा खाल्ले तर लाळेला दुरुस्तीला सवड मिळते. पण सकाळी चहा-खारी, शाळेत जाताना गोळी, मधल्या सुट्टीत बिस्किटाचा पुडा, घरी आल्यावर चिक्की, झोपताना दूध-साखर असे दिवसभर चालू राहिले तर लाळेने दुरुस्ती करायची केव्हा? एकदम किती गोड खाल्ले, यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले हे दाताला जास्त महत्त्वाचे असते. त्यातही दाताला चिकटणारे पदार्थ जास्त वाईट.

आणि बरे का, गूळ व काकवी घरची असली तरी जंतूंना ती साखरेइतकीच आवडते. गुऱ्हाळावर गेलात तर जरूर खा, पण नंतर चूळ भरा.

हा प्रयोग करून बघा

आम्ही वर्गात हा प्रयोग केला. अंड्याचे टरफल स्वच्छ धुऊन त्याचे दोन तुकडे घेतले. एक साध्या पाण्याच्या वाटीत ठेवला व दुसरा लिंबाच्या रसात. लिंबाच्या रसातल्या तुकड्यावर लगेच बारीक बुडबुडे येऊ लागले. संध्याकाळी रस बदलला. दुसऱ्या दिवशी पाण्यातला तुकडा होता तसाच होता. रसातला पातळ झाला होता व बोटाने दाबताच मोडला.

टरफल आणि दात अगदी एकाच पदार्थाचे नाहीत, पण दोन्हींत चुन्याचा अंश म्हणजे कॅल्शियम असते आणि आम्लाने ते विरघळते. दातावर हे काम एका दिवसात होत नाही. त्याला महिने लागतात. म्हणून तर आपल्या लक्षात येत नाही.

मग दुखते का?

वरच्या कवचात नसा नाहीत. म्हणून कीड कवचात असते तोवर काहीही दुखत नाही. दातावर खडूसारखा पांढरा किंवा तपकिरी डाग दिसतो, एवढेच. या वेळी काळजी घेतली तर डाग पुन्हा घट्ट होऊ शकतो. पण दुखत नाही म्हणून आपण बघत नाही.

कीड दुसऱ्या थरात पोचली की त्या बारीक नळ्या उघड्या पडतात. गार पाणी, गरम चहा किंवा गोड पदार्थ लागला की नळ्यांतला द्रव हलतो, आतल्या नसेला धक्का बसतो आणि सणक जाते. पाणी गिळल्यावर सणक लगेच थांबते. ही दाताने मारलेली पहिली हाक. या वेळी दात भरून घेतला तर तो वाचतो.

ही हाक ऐकली नाही तर जंतू गरापर्यंत जातात. गर सुजतो. पायाला काटा लागला तर पाय सुजायला जागा असते, पण दाताच्या कठीण पोकळीत गराला सुजायला जागाच नसते. म्हणून आतला दाब वाढतो व नसा दाबल्या जातात. हृदयाच्या ठोक्याबरोबर दाढ ठणकते ती यामुळे. आडवे झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब थोडा वाढतो, म्हणून रात्री जास्त दुखते. खालच्या दाढेची कळ कानात जाते, कारण त्या भागातल्या नसा एकाच मोठ्या नसेच्या फांद्या आहेत आणि कळ नक्की कोठून आली याचा मेंदूला गोंधळ होतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. माझी दाढ तिसऱ्या दिवशी दुखायची थांबली, ती बरी होऊन नव्हे. आतली नसच मेली होती. मेलेली नस दुखत नाही. जंतूंचे काम मात्र चालूच राहते. ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, तिथे पू होतो, मग गाल सुजतो व ताप येतो. खूप दुखून एकदम थांबलेली दाढ म्हणजे बरी झालेली दाढ नव्हे. हे वाक्य मी मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिले आहे.

दात दुखण्याची कारणे आणखीही आहेत. भातातला खडा किंवा सुपारी चावून दाताला चीर जाते. हिरड्या सुजतात. दोन दातांमध्ये अन्न अडकते. मोठ्या माणसांना साधारण १७ ते २५ वर्षांच्या सुमारास अक्कलदाढ येते, ती वाकडी आली की दुखते. खूप सर्दी झाली तर गालाच्या हाडातली पोकळी भरते व वरच्या दाढा दुखल्यासारख्या वाटतात. खरे कारण कोणते, हे पाहणाऱ्यालाच कळते.

सहा वर्षांची दाढ ओळखा

पालकहो, हा भाग विशेषतः तुमच्यासाठी आहे.

मुलाला दुधाचे दात २० असतात आणि मोठेपणी अक्कलदाढा धरून ३२ दात होतात. मूल सहा वर्षांचे झाले की पुढचे दात पडू लागतात, हे सगळ्यांना दिसते. पण त्याच सुमारास सर्वांत मागे, दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही पलीकडे, वर दोन व खाली दोन अशा चार नव्या दाढा गुपचूप येतात. त्यांच्यासाठी कोणताही दात पडत नाही. म्हणून कोणाला पत्ता लागत नाही आणि घरातले त्यांना दुधाच्या समजतात. त्या कायमच्या असतात.

या दाढांवर खोल खाचा असतात, त्यात अन्न अडकते. पहिलीतल्या मुलाचा हात तेवढ्या मागे पोचत नाही. म्हणून कायमच्या दातांत कीड लागते ती पुष्कळदा याच दाढांना. आज घरी गेल्यावर पहिली-दुसरीतल्या मुलाला उजेडात बसवा, तोंड मोठे उघडायला लावा आणि दोन्ही बाजूंना मागून मोजा. शेवटच्या दाढेवर काळी रेघ, खड्डा किंवा खडूसारखा डाग दिसला तर दाखवून घ्या.

दुधाच्या दाताचीही हेळसांड करू नये. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. त्या लवकर काढाव्या लागल्या तर शेजारचे दात सरकून जागा खातात व खालून येणारा दात वाकडा येतो. दुधाच्या दाताखाली पू झाला तर खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातालाही इजा पोचू शकते.

दुखू लागले तर घरी काय करावे?

हे करावे:

१. कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भराव्यात.

२. दातांत अडकलेले अन्न दोऱ्याने हलकेच काढावे. टाचणी, सुई, काडी घालू नये.

३. बाहेरून गालावर गार पाण्याची घडी ठेवावी. झोपताना उशी उंच घ्यावी.

४. लवंगेने थोडा वेळ बधिरपणा येतो. एक लवंग दाढेखाली धरायला हरकत नाही. लवंगेचे तेल मात्र लहान मुलांना लावू नये, ते भाजते.

५. दुखणे कमी करायची गोळी आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे व पाण्याबरोबर गिळावी. अॅस्पिरिन मुलांना देऊ नये.

हे करू नये:

१. गोळी हिरडीवर ठेवू नये. माझी कातडी सोलली ती त्यामुळेच.

२. मशेरी, तंबाखू, रॉकेल, बॅटरीतले पाणी असले काही दाढेत घालू नये.

३. सुजलेल्या गालाला बाहेरून शेकू नये.

४. दुकानातून परस्पर आणलेल्या औषधाच्या गोळ्यांवर दिवस काढू नयेत. सूज उतरते, पण कारण तसेच राहते.

आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागातील डोंगरात हिरड्याची झाडे आहेत. बाळहिरडा गोळा करून कितीतरी आदिवासी कुटुंबांचे घर चालते. हिरड्याच्या काढ्याच्या चुळा हिरड्यांना तुरटपणाने घट्ट करतात असा जुना अनुभव आहे, आणि हिरड्यात तुरट द्रव्य भरपूर असते हे खरे आहे. पण हिरडा काय आणि लवंग काय, दाताला पडलेले भोक बुजवू शकत नाही. छपराला भोक पडल्यावर खाली घमेले ठेवले तर घर तात्पुरते भिजत नाही, पण छप्पर दुरुस्त होत नाही. तसेच हे.

मशेरीबद्दल थोडे स्पष्ट लिहिते. मशेरी म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखूच. दाढ दुखते म्हणून पहिल्यांदा लावली आणि मग आयुष्यभर सुटली नाही, असे आमच्या आजीचेच झाले आहे. तंबाखूने थोडा वेळ बधिर वाटते, पण हिरड्या झिजतात आणि तोंडाचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणे यांपैकी काही दिसले तर लगेच दाखवावे.

धावपळ केव्हा करावी?

गाल किंवा गळ्याखाली सूज, ताप, तोंड न उघडणे, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, डोळ्यापर्यंत चढलेली सूज: यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. श्वासाला त्रास असेल तर १०८ वर फोन करून गाडी बोलवावी.

खेळताना पडून कायमचा पुढचा दात मुळासकट निघाला तर तो शोधा. मुळाला हात लावू नका, वरचा पांढरा भाग धरा. माती लागली असेल तर दुधाने किंवा पाण्याने क्षणभर धुवा, घासू नका. पेलाभर दुधात टाकून तासाभराच्या आत दातांच्या डॉक्टरांकडे पोचा. तो दात पुन्हा बसवता येऊ शकतो. दुधाचा दात पडला असेल तर मात्र परत बसवायचा नसतो.

दवाखान्यात काय करतात?

पुष्कळ जण भीतीने जात नाहीत. मीही रडले होते. आधी हिरडीत सुई देतात, ती मुंगी चावल्यासारखी लागते. मग ओठ जड होतो व दुखत नाही. कीड थोडी असेल तर ती कोरून काढतात आणि भोक सिमेंटसारख्या मसाल्याने बुजवतात. कीड गरापर्यंत गेली असेल तर गर काढून मुळे साफ करून भरतात, त्याला रूट कॅनल म्हणतात. तेही शक्य नसेल तरच दात काढतात. दात काढल्यावर कापसाचा बोळा अर्धा तास दाबून धरायचा, त्या दिवशी जोराने थुंकायचे नाही व चुळा भरायच्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या पाण्याने हलक्या चुळा भरायच्या.

"वरची दाढ काढली की डोळे जातात" असे आमच्याकडे सर्रास म्हणतात. ते खरे नाही. डोळ्याने दिसते त्याची नस वेगळी आणि दाताची नस वेगळी. दाढा काढायच्या वयातच पुष्कळांची नजर वयोमानाने कमी होते, म्हणून दोन्हींचा संबंध जोडला गेला असावा.

जुन्नर, नारायणगाव व घोडेगाव येथे ग्रामीण रुग्णालये आहेत आणि मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. दातांचे डॉक्टर कोणत्या वारी असतात हे आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारूनच जावे, म्हणजे हेलपाटा पडत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार मोफत केले आहेत. शिवाय २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचे पथक शाळेत येऊन मुलांना तपासते. त्यात दातही बघतात. ते आले की तोंड मिटून मागच्या बाकावर लपू नका. मी पाचवीत लपले होते.

दुखूच नये म्हणून

१. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे दात घासा. रात्रीचे घासणे जास्त महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ कमी सुटते.

२. फ्लोराइड असलेली पेस्ट घ्या. सहा वर्षांखालील मुलांना वाटाण्याएवढी, तीन वर्षांखालील बाळांना तांदळाच्या दाण्याएवढीच. गिळू देऊ नका. यवतमाळ, चंद्रपूर भागात काही विहिरींच्या व बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याने लोकांचे दात डागाळले आहेत. म्हणजे तेही प्रमाणातच हवे.

३. राखुंडी, कोळसा, विटेचा भुगा यांनी दात पांढरे दिसतात, पण कवच झिजते. मऊ केसांचा ब्रश बरा.

४. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचे मागचे दात मोठ्यांनी घासून द्यावेत.

५. गोड जेवणाबरोबर खावे, अधूनमधून चरत राहू नये. खाल्ल्यावर चूळ भरावी. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही नको.

६. दुखत नसले तरी वर्षातून एकदा दात दाखवावेत.

घोड नदीकाठची माणसे

जाता जाता एक गोष्ट सांगते. आपल्या आंबेगाव तालुक्यातून वाहणारी घोड नदी पुढे शिरूर तालुक्यात जाते. तिथे तिच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले, तेव्हा सुमारे ३,००० वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती सापडली. घराच्या जमिनीखाली पुरलेले सांगाडेही सापडले. विद्वानांनी त्यांच्या दातांचा बारकाईने अभ्यास केला. माणसाची मऊ अंगे मातीत जातात, पण दात राहतात. त्यांवरून तो माणूस काय खात होता, लहानपणी आजारी होता का, हेसुद्धा सांगता येते.

तीन हजार वर्षे मातीत टिकणारा दात आपल्या तोंडात अकरा वर्षेही टिकू नये, हे मला फार लागले.

आता थोडे घरचे सांगते. माझा धाकटा भाऊ या वर्षी पहिलीत आला. दिवाळीच्या सुट्टीत आईने त्याला ओट्यावर उन्हात बसवले व मागून दाढा मोजल्या. चारपैकी तीन आल्या होत्या. एकीवर काळी रेघ होती. तिला खड्डा पडला नव्हता. वडिलांनी त्याच आठवड्यात त्याला नेले आणि ती दाढ भरून आणली. तो अजिबात रडला नाही. आजीची मशेरी अजून सुटलेली नाही. "या वयात काय सुटायचं गं," असे ती म्हणते. पण तिने डबी फळीवर उंच ठेवली आहे आणि धाकट्यांना हात लावू देत नाही. मी रोज तिला एकदा विचारते. ती रोज हसते.

माझ्या डाव्या बाजूला जिथे दाढ होती तिथे जीभ अजून जाते. तुमची जीभ तशी जाऊ नये. वाचून झाले असेल तर घरी जा आणि मोजा.



एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी